बदल नाही

कृष्णेचं पाणी त्या गल्लीत आधी कधी आलं नव्हतं. त्या वर्षी आलं. मिरजेतल्या मगदूम स्कॅन सेंटरच्या तळमजल्यावर ते कंबरेएवढं चढलं आणि पाचव्या दिवशी ओसरलं. सीटी मशीन गेलं, पण त्याचा विमा होता. मागच्या खोलीत हार्ड डिस्क रचून ठेवल्या होत्या, त्यांचा कसला विमा असणार? अकरा वर्षांत तपासलेल्या माणसांची फुप्फुसं, यकृतं, मणके त्या डिस्कांमध्ये होते. डॉ. शैलजा मगदूम एकेक डिस्क उचलून तिरकी करायची आणि आतून गढूळ पाणी गळायचं.

"मॅडम, सोडा आता," दस्तगीर मुजावर म्हणाले. "चिखल झालाय त्याचा."

दस्तगीरभाई तिच्या सेंटरचे तंत्रज्ञ. सेंटर सुरू झालं त्या दिवसापासून ते तिथे होते. पेशंटला टेबलावर नीट झोपवायचं, भीती वाटणाऱ्याशी दोन शब्द बोलायचं आणि काचेमागून "श्वास घ्या... रोखा... सोडा" असं सांगायचं, हे त्यांचं काम. मिरज-शिरोळ भागातली कितीतरी माणसं शैलजाला चेहऱ्याने ओळखत नव्हती, पण दस्तगीरभाईंचा आवाज ओळखत होती.

तीन महिन्यांनी पहिल्या मजल्यावर नवं मशीन बसलं. क्ष-किरणांचा एकेक कण वेगळा मोजणारं, जुन्या मशीनला जे धूसर दिसायचं ते लख्ख दाखवणारं. ते बसवणाऱ्या इंजिनिअरला चाचणीसाठी एक जिवंत माणूस हवा होता. "सगळ्यांना झोपवतोय, आज मी झोपतो," असं म्हणून दस्तगीरभाई स्वतःच टेबलावर आडवे झाले.

चित्र पडद्यावर आलं तेव्हा त्यांच्या उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात एक पांढरा ठिपका होता.

"हे काय हो मॅडम?"

"तांदळाच्या दाण्याएवढं आहे. पन्नाशीनंतर निम्म्या लोकांत असं काहीतरी सापडतं," शैलजा म्हणाली. "तुम्ही विडी-सिगारेटच्या वाटेला कधी गेला नाहीत. आत्ता काही करायला नको."

ते पेशंट नव्हते, म्हणून अहवाल लिहिला गेला नाही. फक्त चित्र साठवलं गेलं.

प्रश्न साठवायचाच होता. नव्या मशीनची एका छातीची तपासणी जुन्या मशीनच्या वीस तपासण्यांएवढी जागा खायची. नियमाप्रमाणे प्रत्येक चित्र दहा वर्षं जपणं भाग होतं. आणि पुरानंतर ते मिरजेबाहेर कुठेतरी असलं पाहिजे, एवढं शैलजाने ठरवून टाकलं होतं. मोठ्या कंपन्यांच्या क्लाउडचा दर तिने काढला. दर महिन्याला दोन माणसांचा पगार झाला असता.

"टेप घेऊ," दस्तगीरभाई म्हणाले. "कॅसेटसारखी असते, जरा मोठी. आठवड्याला एक भरायची, काढायची, मी घरी नेऊन ठेवतो. आमचं घर उंचावर आहे. जे भरलं तेच परत निघतं, दुसरं काही निघायचा प्रश्नच नाही."

"आणि तुम्ही रजेवर असलात तर? एखादी बुरशी लागून गेली तर?"

"मग दोन करायच्या. एक तुमच्या घरी."

शैलजा हसली. तिला ते काम पोस्टाच्या थैल्या वाहण्यासारखं वाटलं. त्याच आठवड्यात 'अक्षयकोश' नावाच्या सेवेची प्रतिनिधी अन्विता साने भेटायला आली. तिचा दर क्लाउडच्या दहाव्या हिश्शाएवढा होता.

"इतकं स्वस्त कसं?" शैलजाने विचारलं.

अन्विताने छान समजावून सांगितलं. "डॉक्टर, तुम्ही लाखो छात्या पाहिल्यात. फासळ्या कुठे असतात, हृदय कुठे असतं, हे तुम्हाला दरवेळी नव्याने लिहून ठेवावं लागतं का? आमच्या यंत्रणेने कोट्यवधी शरीरं पाहिलीयत. माणसाचं शरीर सर्वसाधारणपणे कसं असतं ते तिला पाठ आहे. म्हणून ती तुमचं चित्र जसंच्या तसं ठेवत नाही. या पेशंटमध्ये सर्वसाधारणाहून वेगळं काय, तेवढंच टिपून ठेवते. तुम्ही मागितलंत की पुन्हा काढून देते."

"काढून देते? म्हणजे रेखाटून?"

"निदानतुल्य. करारात तसा शब्दच आहे. निदान करायला लागतं ते सगळं त्यात असतं. तुम्ही तपासून पाहा ना."

शैलजाने तपासून पाहिलं. दहा पेशंटची चित्रं कोशात पाठवली, महिन्याने परत मागवली, मूळ चित्रांवर ठेवून ठिपक्याला ठिपका जुळवला. कुठेही फरक सापडला नाही. तिने सही केली. त्यानंतर सेंटरमधल्या डिस्कवर फक्त शेवटच्या नव्वद दिवसांची चित्रं राहायची, बाकी सगळं कोशात.

तीन वर्षं काही बिघडलं नाही. उलट सोय झाली. पेशंटचं नवं चित्र काढलं की ते आपोआप कोशात जायचं, आणि त्याचं जुनं चित्र मागितलं की शेजारी येऊन बसायचं. दोन्हींतल्या गाठी सॉफ्टवेअर स्वतःच मोजायचं आणि खाली आकडे मांडायचं. शैलजा एकदा नजर फिरवायची आणि अहवालात लिहायची, 'पूर्वीच्या तपासणीच्या तुलनेत बदल नाही'. पेशंटच्या चेहऱ्यावरचा ताण त्या वाक्याने उतरताना तिने शेकडो वेळा पाहिला होता.

मग दस्तगीरभाईंचा खोकला सुरू झाला.

महिनाभर तो गेला नाही तेव्हा तिने त्यांना टेबलावर झोपवलं. काचेमागून "श्वास घ्या" म्हणायची वेळ तिच्यावर आली. चित्र आलं. ठिपका होता तिथेच होता, नऊ मिलिमीटरचा. तिने कोशातून तीन वर्षांपूर्वीचं चित्र मागवलं. त्यातही नऊ.

दस्तगीरभाई शर्टाची बटणं लावत तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. दोन्ही चित्रं त्यांनी बराच वेळ पाहिली.

"मॅडम, तेव्हा तुम्ही तांदळाएवढा म्हणाला होता."

शैलजालाही तसंच आठवत होतं. पण चित्र समोर होतं. "तेव्हा मी नुसत्या डोळ्यांनी बघितलं होतं, मोजलं नव्हतं. आता मोजलंय. तीन वर्षांत जी गाठ कणभर वाढत नाही, ती निरुपद्रवी असते, दस्तगीरभाई. वाढली असती तर मी आजच सुई घालून तुकडा काढायला लावला असता."

"मग खोकला?"

"थंडीचा आहे. वर्षभराने परत बघू."

त्यांनी मान हलवली. तिचा शब्द त्यांनी आजवर कधी खाली पडू दिला नव्हता.

नऊ महिन्यांनी गिरिजा हुक्केरी आल्या. निवृत्त शिक्षिका, वय सदुसष्ट. त्यांच्याही फुप्फुसात गाठ होती आणि दुसऱ्यांदा तपासायला बोलावलेलं होतं. शैलजाने दोन्ही चित्रं पाहिली आणि हसून सांगितलं, "बाई, काळजी नको. तेव्हा अकरा, आजही अकरा. बदल नाही."

हुक्केरीबाईंनी पिशवीतून फाइल काढली, चष्मा लावला आणि एक कागद तिच्यासमोर धरला. "तुम्हीच दिलेला अहवाल आहे. तुमची सही आहे. यात सहा लिहिलंय."

शैलजाने कागद घेतला. सहा मिलिमीटर. तारीख दोन वर्षांपूर्वीची. पडद्यावर त्याच तारखेच्या चित्रात अकरा.

"टाइप करताना चूक झाली असेल," ती म्हणाली.

"सहाचे अकरा कसे टाइप होतील?" हुक्केरीबाईंनी विचारलं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. वहीतली चूक दाखवावी तसं त्यांनी बोट ठेवलं होतं.

त्यांना बाहेर बसवून शैलजाने जुन्या अहवालांचा गठ्ठा उघडला. शब्दांचे अहवाल सेंटरच्या संगणकावर सरळसोट साठवलेले होते. कुणी ते उघडत नव्हतं इतकंच, कारण चित्रच समोर यायचं. तिने एक पेशंट घेतला. जुन्या अहवालात पाच, कोशातल्या जुन्या चित्रात आठ, नव्या चित्रात आठ. दुसरा घेतला. सात, दहा, दहा. तिसरा. चार, सात, सात. चौथा, पाचवा, तसंच. ज्याची ज्याची दुसरी तपासणी झाली होती, त्या प्रत्येकाचं जुनं चित्र नव्यासारखं झालेलं होतं.

तिने बाहेर येऊन हुक्केरीबाईंना सांगितलं, "बाई, चूक माझी आहे. गाठ वाढलीय. आज संध्याकाळच्या आत तुम्ही शल्यचिकित्सकाकडे गेलं पाहिजे. मी फोन करून ठेवते."

मग तिने दस्तगीरभाईंना हाक मारली आणि म्हणाली, "झोपा टेबलावर."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि काही न विचारता चपला काढल्या. गाठ पंधरा मिलिमीटरची झाली होती. छातीच्या मध्यातल्या ग्रंथी सुजल्या होत्या. यकृतात तीन डाग होते. पंधरा वर्षं तिच्या शेजारी बसून त्यांनी अशी चित्रं पाहिली होती. त्यांना काही सांगावं लागलं नाही.

"नऊ महिने," ते म्हणाले. खाली बसलेल्या पेशंटला आणायला ते जिना उतरून गेले.

अन्विता सानेचा फोन दुसऱ्या दिवशी लागला. ती आधी नाकबूल झाली, मग तिने कंपनीतल्या कुणालातरी विचारलं आणि तासाभराने परत फोन केला. आता तिचा आवाज लिहून दिलेलं वाचल्यासारखा येत होता. एकाच माणसाची दोन चित्रं कोशात आली की यंत्रणा नवं चित्र पूर्ण ठेवते आणि जुन्यातून फक्त नव्याहून वेगळं असेल तेवढं ठेवते, जागा वाचवायला. नवं चित्र पोचल्यापासून काही मिनिटांत हे होतं. पण दर श्वासाला फुप्फुस थोडं वेगळं फुगतं, त्यातली प्रत्येक गोष्ट चार-पाच मिलिमीटर इकडेतिकडे होते. ते फरक साठवत बसलं तर जागा वाचणारच नाही. म्हणून इतपत फरक श्वासाचा समजून सोडून द्यायचा, असं यंत्रणेला शिकवलेलं होतं.

"आणि सोडून दिलेल्या जागी काय भरतं?" शैलजाने विचारलं.

"नव्या चित्रातलं."

"म्हणजे जुनं चित्र मागितलं की तुम्ही मला नवंच दाखवता."

"छोट्या फरकांपुरतं. मोठे बदल बरोबर टिकतात, डॉक्टर. सहा सेंटिमीटरची गाठ असेल तर..."

"सहा सेंटिमीटरची गाठ मला रस्त्यावरून चालतानाही दिसेल. आम्ही तपासतो ते छोटे फरक शोधायलाच."

तिची दहा चित्रांची चाचणी का जुळली होती, ते तिला आता कळलं. त्या दहाही जणांची तपासणी एकेकदाच झालेली होती. दुसरं चित्र नव्हतंच.

"जुनी मूळ चित्रं कुठेच नाहीत?"

"नाहीत," अन्विता म्हणाली, आणि थोडं थांबून स्वतःच्या आवाजात म्हणाली, "मला खरंच माहीत नव्हतं. माझ्या आईचीही चित्रं आमच्याच कोशात आहेत."

शैलजाचा नवरा भरतेश सांगलीच्या कोर्टात वकिली करायचा. सगळं ऐकून झाल्यावर त्याने तिचा फोन उचलला आणि टेबलावर पालथा ठेवला.

"आधी कंपनीला नोटीस जाईल. त्यांचं लेखी उत्तर येईल. तोपर्यंत एकाही पेशंटला तू फोन करायचा नाहीस. आज तू म्हणालीस की चूक माझी, की उद्या ती तुझीच होते. सही तुझी आहे, कंपनीची नाही."

"भरतेश, दोनशे चौदा जण आहेत. ज्यांना मी 'बदल नाही' असं लिहून दिलंय असे. त्यांच्यातल्या बहुतेकांना खरंच काही नसेल. पण काहींना असेल."

"पंधरा दिवसांनी काही बिघडत नाही."

"बिघडतं."

"शैला, सेंटर बंद पडेल. परवाना जाईल. मग त्यांना तपासणार कोण?"

तिला हे पटलं नव्हतं, पण ती थांबली. एक दिवस गेला, दुसरा गेला. ती सेंटरमध्ये येत होती, नवे पेशंट तपासत होती, प्रत्येकाचा जुना अहवाल स्वतः उघडून वाचत होती, आणि दोनशे चौदा नावांची यादी खणात होती. दस्तगीरभाई केमोच्या चौकशीला कोल्हापूरला जाऊन आले. त्यांनी यादीबद्दल काही विचारलं नाही. तिला त्यांच्याकडे बघवत नव्हतं, म्हणून तिने ते विचारत का नाहीत याचाही विचार केला नाही.

सहाव्या दिवशी सकाळी खाली काउंटरवर एक माणूस येऊन उभा राहिला. दानोळीचा, पेशाने गवंडी. हातात जुना अहवाल होता.

"मुजावरांचा फोन आला होता," तो म्हणाला. "परत फोटो काढायचाय म्हणाले. लगेच या म्हणाले."

त्याच्यामागे आणखी दोघं होते.

शैलजा जिना चढून वर गेली. दस्तगीरभाई मशीन सुरू करत होते.

"तुम्ही फोन केलेत?"

"चार दिवस झाले, घरून करतोय. यादी माझ्याकडेही होती. दुसऱ्यांदा येणाऱ्यांची नोंद मीच ठेवायचो ना." ते खोकले, तोंडावर रुमाल धरून थांबले. "भरतेशसाहेबांचं बरोबर असेल. त्यांना कायदा कळतो. पण मॅडम, माझे नऊ महिने गेले. त्या लोकांचे सहा दिवस तरी कशाला घालवायचे?"

"मला सांगायचं होतंत."

"सांगितलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असता. तुम्ही नको म्हणाल्यावर मी केलं नसतं." त्यांनी खाली पाहिलं. "म्हणून नाही सांगितलं."

तिने गवंड्याला वर बोलावलं.

त्या दिवसापासून सेंटरने नवे पेशंट घेणं थांबवलं. सकाळी आठपासून यादीतली माणसं यायची. खुर्ची आणि फोन घेऊन दस्तगीरभाई खिडकीशी बसायचे. ते प्रत्येकाला तेच सांगायचे, घाबरवायचे नाहीत आणि खोटंही बोलायचे नाहीत. "आमच्याकडून मोजण्यात चूक झालीय. तुमचा दोष नाही. या, परत बघू." मग उठून त्या माणसांना टेबलावर झोपवायचे. केमो झाल्यावर त्यांचे केस गेले. ते डोक्याला पांढरा रुमाल बांधून यायचे.

भरतेशने तिच्याशी बोलणं कमी केलं. नोटीस त्याने पाठवली. कंपनीचं उत्तर आलं. करारातला 'निदानतुल्य' हा शब्द त्यांनी ठळक अक्षरांत छापला होता, आणि दुसऱ्या पानावर एक प्रस्ताव होता. प्रकरण बाहेर न गेल्यास यंत्रणा विनामूल्य सुधारून देऊ. शैलजाने ते पत्र त्याच्या देखत आरोग्य खात्याच्या अधिकाऱ्यांना पाठवलं. सेंटरच्या चौकशीचा हुकूम चार दिवसांत आला. कंपनीच्या चौकशीचा महिन्यानंतर. दरम्यान तिला औरंगाबाद, नाशिक, बेळगाव इथल्या सेंटरवाल्यांचे फोन येऊ लागले. जवळजवळ सगळे छोटे होते. सगळ्यांनी हाच कोश घेतला होता, कारण परवडणारा तेवढाच होता.

हुक्केरीबाईंच्या फुप्फुसाचा एक भाग काढला. त्या वाचल्या. त्यांनी एका ओळीचं पत्र पाठवलं. 'मला कागद जपायची सवय होती, इतरांना नसेल, त्यांना शोधा.' गवंड्याचं काही निघालं नाही. शंभर जण तपासून झाले तेव्हा एकोणीस गाठी वाढलेल्या निघाल्या होत्या. त्यातल्या सात जणांना आता शस्त्रक्रियेचा उपयोग नव्हता.

दस्तगीरभाईंचा आवाज आधी चिरका झाला, मग नुसती कुजबुज उरली. एका दुपारी फोनवरच्या बाईला त्यांचं बोलणं ऐकूच जाईना. "कोण बोलतंय? कोण?" असं ती विचारत राहिली. त्यांनी फोन खाली ठेवला, यादी शैलजाच्या टेबलावर आणून ठेवली आणि एका नावाखाली पेन्सिलीने रेघ मारली. त्या रेघेच्या खाली एकतीस नावं उरली होती.

त्यांची बायको शमशाद त्यांना न्यायला आली. तिने शैलजाला सलाम केला नाही, आणि दूषणही दिलं नाही. नवऱ्याच्या दंडाला धरून तिने त्यांना एकेक पायरी उतरवलं. त्यानंतर ते आले नाहीत. अठरा दिवसांनी गेले.

दफन आटोपून शैलजा सरळ सेंटरमध्ये आली. चौकशीत परवाना रद्द झाला होता, सेंटरला सील लागायला आठवडा राहिला होता. बावीस जणांना अजून फोन झालेला नव्हता. तिने रेघेखालचं पुढचं नाव पाहिलं. भूपाल चिंचवाडे, नांदणी. वय एकोणसाठ. दीड वर्षापूर्वी गाठ पाच. सहा महिन्यांपूर्वी नऊ. बदल नाही.

फोन मुलीने उचलला.

"मी मिरजेहून, मगदूम स्कॅन सेंटरमधून बोलतेय. भूपालरावांना एकदा परत तपासायचंय."

"पण त्यांचं तर सगळं चांगलं आलंय ना?" मुलगी म्हणाली. "कुठल्याशा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, काही नाही म्हणून. आम्ही पेढे वाटले गल्लीत."

खाली रस्त्यावर ट्रॅक्टर गेला, तो लांब जाईपर्यंत शैलजा थांबली.

"मीच सांगितलं होतं," ती म्हणाली. "ते चुकलं होतं. त्यांना खोकला आहे का हो?"

मुलीने फोन बाजूला न धरताच मोठ्याने हाक मारली, "आप्पा..."

शैलजाने पेन्सिल उचलली आणि वाट पाहत बसली.